भिंत हरवलेली पोस्टरं

युद्धकाळातल्या जर्मन प्रचार-पोस्टरांची पुनर्मुद्रणं कुठंही पाहा, मोजकी चित्रंच पुन्हा पुन्हा भेटतात. लुत्सियान बर्नहार्डची 1917 सालची चिलखती मूठ. फ्रिट्झ एर्लरचा त्याच वर्षीचा सैनिक, पोलादी शिरस्त्राण घातलेला आणि आपल्या खांद्यावरून दूर कुठंतरी टक लावून पाहणारा. हान्स रूडी एर्टचं पाणबुड्यांवरच्या चित्रपटाचं पोस्टर, ज्यात ‘यू’ हे प्रचंड अक्षर चित्राला कवेत घेऊन बसलं आहे. दुसऱ्या महायुद्धातलं एखादं घ्यायचंच तर विमानावर स्वार होऊन उजेडाच्या दिशेनं बॉम्ब फेकणारा सांगाडा, रात्री दिवे झाकून ठेवा असं बजावणारा. सगळीच चित्रं उत्तम आहेत. रेषा ठाम, रंग मोजके, अक्षरांची बांधणी अशी की जर्मन न येणाऱ्यानंही थांबून पाहावं.

माझी तक्रार नेमकी इथंच सुरू होते. युद्धातली पोस्टरं जमवणारे बहुतेक लोक चित्रकलेवरच्या प्रेमापोटी जमवत आले, आणि त्यांनी जमवलेल्यातलं देखणं तेवढं पुढं छापलं गेलं. परिणामी जर्मन प्रचार म्हणजे काय याची आपली कल्पना त्यातल्या सर्वांत सुंदर कागदांवरून बनली. जे कागद माणसं मारायला कारणीभूत झाले, ते दिसायला साधे आणि मजकुरानं भरलेले होते, बरेचदा त्यांच्यावर चित्रच नव्हतं. ते भिंतीवर सजवायला कोणी मागत नाही, म्हणून छापलेही जात नाहीत. संग्रह आणि पुनर्मुद्रण या साऱ्या उद्योगाकडे या बाजूनं पाहायला हवं, असं मला वाटतं.

जमवण्याची हौस मुळात जर्मनीतच भरात आली होती. बर्लिनमधले दंतवैद्य हान्स झाक्स यांनी 1905 साली पोस्टरप्रेमींचा एक संघ स्थापन केला. 1910 पासून या संघाचं ‘डास प्लाकाट’ हे नियतकालिक निघू लागलं आणि 1921 पर्यंत चाललं. जाहिरातीची भित्तिपत्रकं ही कला आहे, तिच्यावर गंभीरपणे लिहिता येतं, हे या नियतकालिकानं जर्मनीला शिकवलं. त्यात पोस्टरांच्या छोट्या रंगीत प्रतिकृती पानांवर चिकटवलेल्या असत. म्हणजे संग्रह आणि पुनर्मुद्रण ही जोडी पहिल्यापासूनची आहे. ज्याला मूळ मिळालं नाही, त्याच्या हाती निदान प्रतिकृती यावी, हा हेतू साफ होता. बर्नहार्ड याच मंडळींतला. 1906 च्या सुमारास काडेपेटीच्या एका कंपनीसाठी त्यानं दोन काड्या आणि कंपनीचं नाव एवढंच काढलं, आणि वस्तू व नाव यांपलीकडे काहीही नको अशी एक शैलीच रूढ झाली. नंतर युद्ध आलं तेव्हा सरकारला हेच हात उपयोगी पडले.

युद्ध सुरू होताच संग्रह करण्याला राष्ट्रकार्याचा दर्जा मिळाला. ग्रंथालयं, नगरपालिका, लष्करी कार्यालयं, शाळा, श्रीमंत हौशी माणसं, सगळेच ‘युद्धसंग्रह’ उभारू लागले. 1917 साली छापलेल्या एका सूचीत अशा दोनशेहून अधिक संग्रहांची नोंद आहे. उद्योजक रिशार्ड फ्रांक यांनी 1915 मध्ये सुरू केलेला संग्रह पुढं श्टुटगार्टला गेला आणि आज तिथल्या समकालीन इतिहासाच्या ग्रंथालयाच्या रूपानं उभा आहे. शत्रूपक्षही मागं नव्हता. लंडनच्या युद्धसंग्रहालयाची कल्पना 1917 ची, आणि हर्बर्ट हूवर यांनी स्टॅनफर्डला युद्धाच्या कागदपत्रांचा संग्रह 1919 मध्ये उभा केला. जगातली जर्मन पोस्टरं पाहायची तर आजही या ठिकाणांना टाळता येत नाही.

पण या मोठ्या घाईत जमवलं गेलं ते बहुतेक छापखान्यातून थेट आलेलं, कोरं. भिंतीवर खळ लावून डकवलेला, पावसात भिजलेला, कोणीतरी नखानं फाडलेला कागद संग्रहात क्वचितच येतो, कारण तो सोलून काढता येत नाही. संग्रहातली प्रत ही जवळजवळ नेहमी भिंतीवर न लागलेली प्रत असते. ती कुठल्या गावात किती दिवस राहिली, तिच्या शेजारी काय लागलं होतं, तिच्यावर कोणी काय खरडलं, हे तिच्यावर नसतं. म्हणून ही माहिती वेगळी नोंदवावी लागते. कित्येक संग्राहकांनी ती नोंदवली नाही आणि पुनर्मुद्रण करणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीच ती छापत नाही.

बर्नहार्डच्या मुठीचंच उदाहरण घ्या. चित्रात फक्त चिलखतातला हात आहे आणि खाली काळ्याभोर गॉथिक अक्षरांत मजकूर: शांततेचा मार्ग हाच, शत्रूलाच तसं हवं आहे, तेव्हा युद्धकर्ज घ्या. आज चौकटीत लावलेली ही मूठ ताकदीचं एक अमूर्त चिन्ह वाटते. पण ते कर्ज मागणारं पत्रक होतं. पहिल्या महायुद्धाचा खर्च जर्मनीनं करांपेक्षा कर्जावर जास्त चालवला. सप्टेंबर 1914 पासून दर सहा महिन्यांनी एक, अशी एकूण नऊ युद्धकर्जं काढली आणि त्यांतून सुमारे 98 अब्ज मार्क उभे केले. शिक्षक, विधवा, छोटे दुकानदार यांनी आयुष्यभराची बचत त्यात घातली. जर्मनी युद्ध हरली आणि पुढच्या चलनवाढीनं त्या रोख्यांचं मोल संपवलं. नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. एर्लरचा तो सैनिकही हेच मागत होता, आम्हाला जिंकायला मदत करा, कर्जरोखे घ्या. ज्या मध्यमवर्गाचं यात सर्वस्व गेलं, त्याच्या रागावर पुढच्या दहा वर्षांत कोण मोठं झालं, हे सर्वांना माहीत आहे. एवढी गोष्ट त्या चित्राखाली चार ओळींत छापता येते. मी पाहिलेल्या प्रतिकृतींवर ती नसते. बहुतेकदा तर मजकुराचा खालचा पट्टाच कापलेला असतो, कारण मूठ तेवढी ‘छान दिसते’.

लुडविग होलवाइनचं प्रकरण अधिक अवघड आहे. म्युनिकचा हा चित्रकार रंगाच्या सपाट तुकड्यांतून माणूस उभा करण्यात बेजोड होता. पहिल्या महायुद्धात त्यानं जखमी सैनिकांसाठी निधी जमवणारी पोस्टरं केली, आणि त्यांतली करुणा आजही खोटी वाटत नाही. 1933 नंतर तोच हात नाझी राजवटीच्या सेवेत गेला. 1936 च्या गार्मिश-पार्टेनकिर्शनच्या हिवाळी ऑलिंपिकचं पोस्टर त्याचं, हवाई हल्ल्यांपासून बचावाचं पोस्टरही त्याचंच. शैली बदलली नाही. आकृत्या जरा अधिक ताठ झाल्या, चेहऱ्यांवरचा माणूसपणा कमी झाला, एवढंच. 1949 साली तो वारला. जर्मनीत कलाकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणून 2020 पासून त्याचं सगळं काम कोणालाही छापायला मोकळं झालं आहे. कॉफीची जाहिरात, जखमी सैनिक आणि हेल्मेटधारी नाझी पुरुष एकाच मालिकेत, एकाच आकारात, एकाच किमतीला विकायला आता कायद्याची आडकाठी उरली आहे ती फक्त नाझी चिन्हांपुरती. चित्रकाराच्या नावानं केलेली मांडणी काळाचा हिशेब पुसून टाकते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

13 मार्च 1933 ला गोबेल्सचं प्रचार मंत्रालय स्थापन झालं. पहिल्या युद्धात ब्रिटिशांच्या प्रचारानं आपल्याला हरवलं, असं हिटलरचं ठाम मत होतं, आणि त्यातून हा धडा घेतलेला होता की प्रचार सततचा हवा, युद्धापुरता नको. त्यामुळं दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पोस्टरं निराळ्या जातीची आहेत. हान्स श्वाइत्झर ‘म्योल्निर’ या टोपणनावानं काढत असे ती करड्या जबड्याच्या पुरुषांची चित्रं प्रसिद्ध आहेत खरी, पण रोजच्या प्रचाराचं मोठं ओझं वाहिलं ते ‘पारोले डेर वोखे’ या भिंतीवरच्या साप्ताहिकानं. 1936 ते 1943 या काळात दर आठवड्याला त्याच्या सुमारे सव्वालाख प्रती कारखाने, स्टेशनं, टपाल कचेऱ्या, दवाखाने अशा ठिकाणी लागत. त्यावर प्रामुख्यानं मजकूर असे, भल्यामोठ्या अक्षरांत, चालता चालता वाचता यावा असा. इतिहासकार जेफ्री हर्फ यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पुस्तकात या पत्रकांचा आठवड्या-आठवड्यानं माग काढला आणि दाखवून दिलं, की ज्यूंचा संहार सुरू असताना ज्यू हेच युद्धाचे कर्ते आहेत आणि त्यांना नष्ट केलं पाहिजे हे सरकार उघडपणे, रस्त्यावर, लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर सांगत होतं. आम्हाला काही कल्पना नव्हती, हे युद्धानंतरचं वाक्य तपासायला याहून सरळ पुरावा नाही. तरी ही पत्रकं पुनर्मुद्रित करून कोणी विकत नाही. ती कुरूप आहेत, वाचावी लागतात.

त्या मानानं ‘कोलेनक्लाउ’ हा 1942 च्या डिसेंबरात आलेला कोळसाचोर आज संग्राहकांचा लाडका आहे. खांद्यावर पोतं, जाड मिशा, डोक्यावर टोपी. घरात वाया जाणारी वीज आणि कोळसा हा चोरतो, त्याला पकडा, अशी मोहीम होती आणि मुलांसाठी त्याच्यावर पटावरचा खेळही निघाला होता. चित्र गमतीचं आहे. पण वाचवलेला तो कोळसा जात होता शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत, जिथं गुलाम म्हणून आणलेले लाखो परदेशी मजूर राबत होते. हसऱ्या चित्राची प्रतिकृती काढणाऱ्यानं हे सांगायलाच हवं. कोळसाचोर निरागस नव्हता आणि त्याला निरागस म्हणून विकणं ही इतिहासाशी केलेली लबाडी आहे.

जर्मनीबाहेरच्या, ताब्यात घेतलेल्या देशांत गेलं की पोस्टराचं खरं रूप दिसतं. फेब्रुवारी 1940 मध्ये नाझी पक्षाच्या मुखपत्राच्या वार्ताहरानं पोलंडचा गव्हर्नर-जनरल हान्स फ्रांक याला विचारलं, की प्राग आणि पोलंड यांत फरक काय. फ्रांकनं उत्तर दिलं ते असं: प्रागमध्ये सात चेक लोकांना गोळ्या घातल्याची लाल पोस्टरं लागली होती, इथं दर सात पोलिश माणसांमागं एक पोस्टर लावायचं ठरवलं, तर त्या कागदासाठी पोलंडची सगळी जंगलंसुद्धा पुरणार नाहीत. पोस्टर हे राज्य करण्याचं हत्यार कसं होतं, हे त्याच्याच तोंडून आलं आहे. पोलंडच्या शहरांत जर्मन आणि पोलिश अशा दोन भाषांत ‘बेकांटमाखुंग’ म्हणजे जाहीर सूचना लागत. नंतर नंतर तर त्यांत ओलिसांची आणि गोळी घातलेल्यांची नावंच ओळीनं छापलेली असत. त्याच भिंतींवर ज्यू म्हणजे उवा, ज्यू म्हणजे टायफस असं सांगणारी चित्रंही डकवलेली होती. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला दार उघडू नये, हा त्यांचा हेतू होता.

हे कागद जपले कोणी? इथं संग्राहक या शब्दाला माझ्या लेखी वेगळंच वजन येतं. वॉर्सॉच्या ज्यू वस्तीत इतिहासकार एमानुएल रिंगेलब्लुम आणि त्यांचे सुमारे साठ सहकारी ‘ओनेग शाबेस’ या नावानं गुप्तपणे पुरावा गोळा करत होते. रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, चॉकलेटची वेष्टनं, गुप्त वर्तमानपत्रं, मुलांचे निबंध, आणि भिंतींवरचे जाहीरनामे. 22 जुलै 1942 पासून त्रेब्लिंकाच्या संहारछावणीकडे रवानगी सुरू झाली. त्याच आठवड्यात एक सूचना लागली: 29, 30 आणि 31 जुलै या दिवशी जो स्वतःहून रवानगीसाठी हजर होईल, त्याला 3 किलो पाव आणि 1 किलो जॅम मिळेल. कागदावर चित्र नाही. अक्षरांची मांडणी अगदी साधी आहे. ज्यू पोलिसांच्या प्रमुखाच्या नावानं, पण जर्मन हुकमानं निघालेली ही सूचना वाचून भुकेनं कासावीस झालेली हजारो माणसं स्वतःच्या पायांनी गाडीकडे गेली. मनात आलं ते लिहितो: दोन्ही महायुद्धांतल्या सगळ्या जर्मन पोस्टरांत सर्वांत परिणामकारक कोणतं असं कोणी विचारलं, तर मी या कागदाकडे बोट दाखवीन.

3 ऑगस्ट 1942 ला रिंगेलब्लुमच्या माणसांनी जमवलेल्या कागदांचा पहिला भाग पत्र्याच्या दहा पेट्यांत भरून नोवोलिप्की रस्त्यावरच्या एका शाळेच्या तळघरात पुरला. बाहेर माणसं पकडून नेत होते आणि आत हे पोस्टरांच्या घड्या घालत होते. फेब्रुवारी 1943 मध्ये दुधाच्या दोन बरण्यांत दुसरा भाग पुरला. पेट्या सप्टेंबर 1946 मध्ये सापडल्या, बरण्या डिसेंबर 1950 मध्ये. पेट्यांत पाणी शिरून बरंच काही कुजलं होतं, तरी मिळून सुमारे 35,000 पानं हाती आली आणि आज ती वॉर्सॉच्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत. रिंगेलब्लुम मार्च 1944 मध्ये मारले गेले. गटातली अवघी तीन माणसं युद्धातून वाचली. या संग्रहात पोस्टर एकटं नाही. त्याच्या बाजूला ते ज्यानं वाचलं त्याची डायरी आहे, त्याच दिवसाचा पावाचा भाव आहे. प्रचाराचा कागद कसा जपावा याचा याहून चांगला वस्तुपाठ कुठल्याही वस्तुसंग्रहालयानं अजून दिलेला नाही.

फ्रान्समध्ये याच्या उलट एक गोष्ट घडली. फेब्रुवारी 1944 मध्ये मिसाक मानुशियान या आर्मेनियन कवी-कामगाराच्या नेतृत्वाखालच्या प्रतिकार-गटातल्या तेवीस जणांवर खटला चालला. जर्मनांनी लाल रंगाचं एक पोस्टर काढलं, सुमारे 15,000 प्रती. त्यावर दहा जणांची छायाचित्रं, नावं, आणि प्रत्येकापुढं पोलिश ज्यू, हंगेरियन ज्यू, इटालियन कम्युनिस्ट असं लिहिलेलं. हे मुक्तिदाते नव्हेत, परके गुन्हेगार आहेत, असं फ्रेंचांना पटवायचं होतं. 21 फेब्रुवारीला बावीस जणांना मॉं-व्हालेरियाँ इथं गोळ्या घातल्या. ओल्गा बान्चिक या एकट्या स्त्रीला मे महिन्यात श्टुटगार्टमध्ये मारलं. आणि युद्धानंतर हेच पोस्टर या माणसांचं स्मारक झालं. बदनामीसाठी छापलेल्या नावांमुळंच ती नावं टिकली. फ्रेंच शाळांच्या पुस्तकांत ते छापलं जातं, आणि 21 फेब्रुवारी 2024 ला, बरोबर ऐंशी वर्षांनी, मानुशियान आणि त्याची पत्नी मेलिने यांना पँथेऑनमध्ये स्थान मिळालं. शत्रूचं पोस्टर पुन्हा छापणं म्हणजे शत्रूची बाजू घेणं, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. छापताना आपण त्याच्याभोवती काय ठेवतो, यावर सारं ठरतं.

हान्स झाक्स यांच्या संग्रहाकडे आता परत यायला हवं, कारण जमवणं, हिरावणं आणि परत मिळवणं या तिन्हींचा वाद त्यात एकवटला आहे. 1938 पर्यंत त्यांच्याकडे सुमारे 12,500 पोस्टरं झाली होती. झाक्स ज्यू होते. गेस्टापोनं तो संग्रह उचलून नेला. गोबेल्सला तो एका संग्रहालयासाठी हवा होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात झाक्स यांना झाक्सनहाउझेनच्या छळछावणीत टाकलं. सुटल्यावर ते बायको आणि लहान मुलासह अमेरिकेत पळाले. संग्रह युद्धात नष्ट झाला असंच त्यांना वाटत होतं, म्हणून 1961 मध्ये पश्चिम जर्मनीकडून 2,25,000 मार्कांची भरपाई त्यांनी स्वीकारली. पुढं काही वर्षांनी कळलं की काही हजार पोस्टरं पूर्व बर्लिनमध्ये सुखरूप आहेत. ती न पाहताच 1974 मध्ये ते वारले. म्युनिकच्या फ्रिड्रिश रेझे यांचा संग्रह मात्र निराळ्या वाटेनं गेला. पत्रकं आणि पोस्टरांचा तो प्रचंड साठा नाझी पक्षानं 1929 मध्येच विकत घेतला होता. युद्धानंतर अमेरिकन सैन्यानं तो ताब्यात घेतला आणि त्याचा मोठा भाग वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात पोचला.

झाक्स यांच्या मुलानं बर्लिनच्या जर्मन इतिहास संग्रहालयावर दावा लावला. 2007 मध्ये सल्लागार आयोगानं संग्रहालयाच्या बाजूनं मत दिलं. पुढं न्यायालयांत ते प्रकरण वर-खाली झालं, आणि 16 मार्च 2012 ला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं निकाल दिला की हक्क झाक्स कुटुंबाचाच आहे. 4,259 पोस्टरं परत मिळाली आणि जानेवारी 2013 पासून न्यूयॉर्कमध्ये त्यांचा लिलाव सुरू झाला. निकाल न्याय्य होता, याबद्दल मला शंका नाही. लुटलेली वस्तू लुटारूच्या वारसदारानं चांगली सांभाळली म्हणून त्याची होत नाही. तरीही, एका माणसाच्या नजरेनं चाळीस वर्षं निवडलेला संग्रह तुकड्या-तुकड्यांनी जगभर पांगला याचं दुःख होतं. आता तो एकत्र कुठंच पाहता येत नाही. अशा वेळी पुनर्मुद्रणच त्या एकत्रपणाची आठवण ठेवू शकतं.

युद्ध संपलं तेव्हा मित्रराष्ट्रांच्या नियंत्रण मंडळानं 13 मे 1946 च्या आदेशानं नाझी आणि लष्करी स्वरूपाचं साहित्य जप्त करून नष्ट करायला सांगितलं. संशोधनासाठी काही प्रती राखायची मुभा होती. त्याआधीच लोकांनी घराघरांतले कागद चुलीत घातले होते. म्हणून लक्षावधी प्रती छापलेली पोस्टरंही आज दुर्मीळ आहेत, आणि दुर्मीळ झाली की त्यांना भाव येतो. भाव आला की नकला निघतात.

जर्मन दंडसंहितेची कलमं 86 आणि 86अ बेकायदा संघटनांचं प्रचारसाहित्य आणि चिन्हं पसरवायला मनाई करतात. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. शिक्षण, संशोधन, कला, इतिहासाचं वार्तांकन यांना सूट आहे. फ्रान्समध्ये 2000 साली एका न्यायालयानं याहू या कंपनीला नाझी वस्तूंचे लिलाव फ्रेंच लोकांपर्यंत पोचू नयेत अशी व्यवस्था करायला सांगितलं, आणि 2001 च्या जानेवारीत कंपनीनं अशी विक्री बंद केली. जर्मन कायद्यातली सूट कुठं संपते यावरचा सर्वांत बोलका झगडा 2009 मध्ये जर्मनीत झाला. ‘त्साइटुंग्सत्सॉयगन’ या प्रकाशनानं नाझी काळातली वर्तमानपत्रं जशीच्या तशी छापून, इतिहासकारांच्या लेखांत गुंडाळून विकायला सुरुवात केली. दुसऱ्या अंकासोबत राइशस्टाग या संसदभवनाच्या जळिताचं एक नाझी पोस्टरही होतं. नाझी प्रकाशनगृहाचे हक्क आपल्याकडे आहेत असं सांगत बव्हेरिया सरकारनं हरकत घेतली, पोलिसांनी दुकानांतून अंक उचलले. मार्चमध्ये म्युनिकच्या न्यायालयानं ठरवलं की 1939 पूर्वीच्या अंकांचे हक्क संपले आहेत. माझं मत प्रकाशकाच्या बाजूचं आहे. पोस्टर सुटं काढून खोलीत लावता येतं, ही भीती खोटी नाही. पण ते सुटं होऊ नये अशी छपाई करता येते, आणि झाकून ठेवलेला कागद बाहेर काळ्या बाजारात अधिक मोहक होतो.

आपल्याकडेही या सुटेपणाचं फळ दिसलं आहे. 2006 मध्ये नवी मुंबईतल्या खारघरला हिटलरच्या नावाचं एक रेस्टॉरंट उघडलं, आत त्याचं मोठं चित्र आणि नाझी चिन्ह. लक्ष वेधून घेण्यापलीकडे मालकाचा हेतू नव्हता. मुंबईतल्या ज्यू समाजानं निषेध केला. त्या समाजात कोकणातून आलेले, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे बेने इस्रायल मोठ्या संख्येनं आहेत. काही दिवसांत नाव बदललं. चित्र पोचलं होतं आणि त्याचा इतिहास पोचला नव्हता, हे त्या प्रकरणाचं मूळ.

मूळ कोणतं आणि नक्कल कोणती, हे ओळखण्याची विद्या मात्र खरोखर रंजक आहे. पहिल्या महायुद्धातली बहुतेक जर्मन पोस्टरं शिळाछापाची. भिंगाखाली रंगाचा कण खडबडीत, अनियमित दिसतो. आजच्या ऑफसेट प्रतीत ठिपक्यांच्या काटेकोर जाळ्या दिसतात. मळवलीच्या रविवर्मा छापखान्याची जुनी चित्रं हाताळलेल्या मराठी संग्राहकाला हा फरक सांगावा लागत नाही. 1894 मध्ये घाटकोपरला सुरू होऊन पुढं मळवलीला गेलेल्या त्या छापखान्याची यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीतूनच आले होते. दुसरी कसोटी कागदाची. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चकाकीची रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली, म्हणून अतिनील दिव्याखाली निळसर झळकणारा ‘1917 सालचा’ कागद 1917 चा नसतो. तिसरी कसोटी मापाची. जर्मनीत कागदाची ए-मालिका 1922 मध्ये ठरली. बर्नहार्डची मूठ बरोबर 594 × 841 मिलिमीटरच्या चौकटीत बसत असेल, तर कोणीतरी ती कापली किंवा ताणली आहे. शिवाय मूळ कागदावर कडेला छापखान्याचं नाव असतं, घड्यांच्या खुणा असतात. नकलेत या गोष्टी बहुधा ‘साफ’ केलेल्या असतात. नक्कल करणारा नेमकं तेच पुसतो, जे वाचकाला सर्वांत उपयोगी असतं.

प्रामाणिक प्रतिकृती म्हणजे काय, हे त्यामुळं सांगता येतं. मूळ मापात, किंवा माप लिहून. कडा, घडी, छापखान्याची ओळ, ज्या खात्यानं काढलं त्याचं नाव, सगळं ठेवून. पूर्ण मजकूर आणि त्याचा वाचकाच्या भाषेतला अर्थ. मूळ पोस्टर छापलं त्या महिन्यात काय चाललं होतं, याच्या चार ओळी, मागच्या बाजूला नव्हे तर त्याच बाजूला, म्हणजे चौकटीतही त्या दिसतील. आणि संचात एका मुठीमागं एक ‘पारोले डेर वोखे’, एका कोळसाचोरामागं एक वॉर्सॉची जाहीर सूचना. असा संच कमी खपेल. तरी तो काढला पाहिजे, आणि सार्वजनिक पैशानं काढला पाहिजे.

या दिशेनं सर्वांत पुढं गेलेली माणसं तीच आहेत, ज्यांना या चित्रांनी सर्वांत जास्त छळलं. रुमानियात संहारातून वाचलेले पीटर एरेनथाल यांनी न्यूयॉर्कमध्ये ज्यूद्वेष्ट्या चित्रांचा आणि वस्तूंचा संग्रह केला. त्यातले नऊशेहून अधिक नमुने आज वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृती-संग्रहालयात आहेत. अँटवर्पला 1942 मध्ये जन्मलेले हिऱ्यांचे व्यापारी आर्थर लांगरमान यांच्या घरातली कित्येक माणसं आउश्वित्झमध्ये मारली गेली. 1961 मध्ये नाझी अधिकारी आइशमानवर चाललेल्या खटल्यानंतर त्यांना प्रश्न पडला, की एवढा द्वेष लोकांच्या मनात आला कुठून, आणि त्यांनी तो द्वेष दाखवणारी चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली. पोस्टरं, पोस्टकार्डं, मूळ रेखाटनं, काही दशकांत हजारो नमुने. ती वर्षानुवर्षं त्यांनी फारशी कोणाला दाखवली नाहीत. हा संग्रह फोडून विकला जाऊ नये, द्वेष्ट्यांच्या हाती पडू नये, म्हणून त्यांनी तो न्यासाकडे सोपवला, आणि 2019 पासून बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात त्याच्यावर संशोधन सुरू आहे. तिथं प्रत्येक चित्राचा छापखाना, तारीख आणि मजकूर नोंदवला जातो. श्वाइत्झर ऊर्फ म्योल्निर 1980 मध्ये वारला. त्याच्या चित्रांवरचा हक्क 2050 च्या अखेरीस संपेल आणि 2051 पासून ती कोणालाही छापता येतील. त्या आधी या नोंदी पूर्ण होऊन सर्वांना वापरता येतील अशा भाषांत, मराठीतसुद्धा, उपलब्ध व्हायला हव्यात.